ऑपरेशन नीट झालं पण बाबा बोलेनासे झालेत, हे वयामुळे आहे का?

तुमच्या प्रश्नातून मला जे कळलं ते आधी सांगते. बाबा ७४ वर्षांचे, गुदाशयाचा कॅन्सर, सहा आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली, रिपोर्ट चांगला आला, पोटावर तात्पुरती पिशवी दिलीय म्हणजे इलिओस्टॉमी, आणि सर्जन म्हणतायत सगळं उत्तम चाललंय. पण घरी बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात, कोणाशी फोनवर बोलत नाहीत, कोणी भेटायला आलं की झोपल्याचं सोंग घेतात, आणि दोनदा "कशाला वाचवलंत मला" असं म्हणालेत. हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या रात्री ते आईला ओळखत नव्हते, नळ्या उपसत होते. पिशवीचं सगळं आई करते, ती स्वतः ७० ची. भाऊ म्हणतो या वयात असं होतंच, त्यांना पॉझिटिव्ह रहायला सांगत रहा. आणि तुम्ही विचारताय की हे नॉर्मल आहे का आणि घरच्यांनी नेमकं काय करायचं.

मी सायकियाट्रिस्ट आहे, कॅन्सरच्या पेशंटसोबतच काम करते आणि त्यात बहुतेक साठी-सत्तरीच्या पुढचेच असतात, तर "वय झालं म्हणून" हे वाक्य मी रोज ऐकते आणि मला ते अजिबात पटत नाही. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे माणूस खचलेला, चिडलेला, रडवेला असणं हे समजण्यासारखं आहे, पण ते हळूहळू का होईना सुटायला लागतं, एखादा दिवस बरा जातो, नातवंड दिसलं की चेहरा बदलतो. सहा आठवडे झाले आणि बोलणंच बंद, कशातच रस नाही, वर मरणाची भाषा, हे म्हातारपण नाही. याच्यामागे काहीतरी कारण आहे, बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त, आणि ७४ व्या वर्षीही त्यावर उपचार होतात.

सगळ्यात आधी ते "कशाला वाचवलंत". हे ऐकलं की घरचे दोनपैकी एक करतात, एकतर "असं अभद्र बोलू नका" म्हणून गप्प करतात नाहीतर ऐकलंच नाही असं दाखवतात, आणि दोन्हीमुळे माणूस पुढच्या वेळी बोलत नाही एवढंच होतं. त्याऐवजी सरळ विचारा. खोलीत तुम्ही दोघंच असताना, खाली बसून, आवाज नेहमीचा ठेवून, "बाबा तुम्ही त्या दिवशी असं म्हणालात, जगणं नको वाटतं का तुम्हाला? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्यामुळे डोक्यात नसलेला विचार येतो ही भीती सगळ्यांना असते पण तसं होत नाही, उलट बऱ्याच जणांना विचारल्यावर सुटल्यासारखं होतं. उत्तर काय येतं ते नीट ऐका कारण "आता पुरे झालं, थकलो" आणि "मी तुम्हाला ओझं झालोय" आणि "मी गोळ्या साठवून ठेवल्यात" ही तीन वेगळी उत्तरं आहेत. पहिल्यावर बोलत राहता येतं. दुसऱ्याला मी हलकं समजत नाही, ओझं झाल्याची भावना वयस्कर माणसांमध्ये आत्महत्येच्या विचारांशी जोडलेली असते. तिसरं, किंवा कसं करायचं याबद्दल काहीही ठरवलेलं असेल, किंवा ते खाणंपिणं औषधं मुद्दाम बंद करत असतील, वस्तू वाटून टाकत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे किंवा इमर्जन्सीला न्यायचं, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही आणि तोपर्यंत एकटं ठेवायचं नाही. आणि ऑपरेशननंतर घरात जोराच्या वेदनाशामक गोळ्या उरलेल्या असतात, झोपेच्या असतात, डायबेटीस असेल तर इन्सुलिन असतं, हे सगळं कोणाच्या तरी ताब्यात ठेवा, गाजावाजा न करता. वयस्कर पुरुष आधी फारसं बोलत नाहीत आणि करायचं ठरवलं तर थेट करतात, म्हणून ही खबरदारी मी कधीच जास्तीची मानत नाही.

हे झालं की मग शरीर. मी मनाची डॉक्टर असूनही पहिल्या भेटीत रक्ताचे रिपोर्ट मागते तेव्हा लोकांना नवल वाटतं. पण इलिओस्टॉमी म्हणजे लहान आतड्यातूनच सगळं बाहेर पडतं, पाणी आणि मीठ शोषून घेणारं मोठं आतडं वाटेत येतच नाही, त्यामुळे वयस्कर माणसाला शरीरातलं पाणी आणि सोडियम कमी पडायला वेळ लागत नाही, आणि सोडियम कमी झालं की माणूस कसा दिसतो माहितीये? मलूल, गप्प, झोपाळू, भूक नाही, थोडा गोंधळलेला. अगदी डिप्रेशनसारखा. त्यात ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आणखीनच. तर पिशवीत दिवसभरात किती जमा होतं ते दोन-तीन दिवस मोजून लिहून ठेवा, दीड लिटरच्या वर जात असेल किंवा तोंड कोरडं, लघवी कमी आणि गडद, उठल्यावर चक्कर असं असेल तर सर्जनच्या टीमला लगेच कळवा. नुसतं साधं पाणी भरपूर पाजून हे भागत नाही, उलट त्याने पिशवीतलं प्रमाण वाढू शकतं, ओआरएस लागतं, पण हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरलाच विचारायचं. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी १२, किडनी, शुगर आणि कुठे इन्फेक्शन नाही ना हे बघून घ्या. दुखतंय का हेही विचारा कारण या पिढीतली माणसं दुखणं सांगतच नाहीत, "ठीक आहे" म्हणतात आणि भिंतीकडे वळतात. जागचं उठताना चेहरा बघा, त्यावरून जास्त कळतं.

आता ती तिसरी रात्र. आईला न ओळखणं, नळ्या ओढणं, याला डेलिरियम म्हणतात. मेंदूवर आलेला हा तात्पुरता गोंधळ असतो, वेड नाही आणि स्मृतिभ्रंशही नाही, आणि मोठ्या ऑपरेशननंतर वयस्कर लोकांमध्ये तो खूप कॉमन आहे. भूल, वेदना, झोपमोड, इन्फेक्शन, लघवी किंवा शौच तुंबणं, काही औषधं, आणि चष्मा-श्रवणयंत्र काढून ठेवलेलं असणं, हे सगळं मिळून होतं. ते टाळण्यासाठी करायच्या गोष्टी इतक्या साध्या आहेत की लोकांचा विश्वास बसत नाही. शॅरन इनुये या अमेरिकेतल्या वृद्धांच्या आजारांच्या डॉक्टर, त्यांच्या टीमने १९९९ साली ७० च्या पुढच्या ८५२ पेशंटवरचा अभ्यास छापला, त्यात पेशंटला वेळ-जागा-माणसं यांची आठवण देत राहणं, लवकर चालवणं, रात्री झोपू देणं, चष्मा आणि कानाचं मशीन लावणं, पाणी पाजणं एवढंच नेमाने केलं, आणि डेलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. ते पेशंट मेडिसिनच्या वॉर्डातले होते, पण हेच उपाय आता ऑपरेशनच्या वॉर्डातही वापरतात. बाबांचं पुढे पिशवी बंद करायचं ऑपरेशन होणारच आहे, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा की मागच्या वेळी असं झालं होतं, आणि चष्मा, मशीन, घड्याळ आणि घरचं एक माणूस पहिल्या दिवसापासून जवळ राहील असं बघा.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. डेलिरियममध्ये जे दिसतं ते माणसाला नंतर अर्धवट आठवतं आणि ते भयानक असतं, कोणीतरी मारायला आलंय, नर्स विष देतेय, आपल्याला कुठेतरी डांबून ठेवलंय असं. कधी बायकोला शिव्या दिल्याचं आठवतं, कपडे काढल्याचं आठवतं. आणि मग घरी येऊन माणूस दोन गोष्टी मनात धरून बसतो, एक म्हणजे मला वेड लागतंय आणि दुसरी म्हणजे सगळ्यांसमोर माझी लाज गेली. कोणी तो विषय काढत नाही, घरच्यांना वाटतं आठवण कशाला द्या, आणि पेशंट समजतो की इतकं वाईट झालं असणार की कोणी बोलायलाही तयार नाही. तुम्ही विषय काढा. "बाबा, त्या रात्री तुम्हाला काय दिसत होतं?" असं विचारा आणि मग सांगा की हे ऑपरेशननंतर कितीतरी जणांना होतं, त्याला नाव आहे, आणि तुमचं डोकं शाबूत आहे. एवढ्या एका बोलण्याने बरीच माणसं मोकळी होताना मी बघितली आहेत.

एक प्रकार मात्र लक्षात ठेवा. डेलिरियम नेहमी आरडाओरड्याचा नसतो, एक शांत प्रकारही असतो ज्यात माणूस नुसता पडून राहतो, हळू उत्तर देतो, आणि तो डिप्रेशन समजून सोडून दिला जातो. फरक असा की त्यात लक्ष टिकत नाही आणि दिवसभरात चढउतार होतो, सकाळी बरा आणि संध्याकाळी हरवलेला. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा, मध्येच धागा सुटत असेल, गुंगीत जात असेल, तर ती सायकियाट्रिस्टकडे नंतर जाऊ म्हणायची वेळ नाही, लगेच तपासून घ्या, बहुतेकदा इन्फेक्शन किंवा सोडियम किंवा एखादी गोळी सापडते.

शरीरात काही सापडलं नाही, किंवा सापडून दुरुस्त झालं आणि तरी बाबा तसेच राहिले, तर मग डिप्रेशन. कॅन्सरच्या पेशंटमध्ये ते ओळखणं जरा अवघड कारण भूक नाही, झोप नाही, थकवा आहे, वजन कमी झालंय ही लक्षणं ऑपरेशनमुळेही असतात, म्हणून मी त्यांच्यावर फार भर देत नाही. मी बघते की आवडीचं काही समोर आलं तर डोळ्यात थोडीतरी चमक येते का, स्वतःला दोष देतायत का, "माझ्यामुळे सगळ्यांचे हाल", पुढच्या महिन्याबद्दल काही बोलतात का की पुढे काही आहे असंच वाटत नाही. हे जवळजवळ रोज, दोन आठवड्यांच्या वर चालू असेल तर उपचार लागतात. वयस्करांसाठी जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल नावाची १५ प्रश्नांची हो-नाही स्वरूपातली यादी आहे, पाच किंवा जास्त गुण आले तर नीट तपासायचं असं साधारण धरतात. तिचा फायदा असा की त्यात भूक-झोप असलं शरीराचं जवळजवळ काही विचारत नाहीत आणि उत्तर नुसतं हो-नाही द्यायचं असतं, त्यामुळे न बोलणारी माणसंही ती पूर्ण करतात. वयस्कर लोक "मी उदास आहे" असं सहसा म्हणत नाहीत हेही सांगते, ते म्हणतात कंटाळा आलाय, जीव लागत नाही, छातीत भरून येतं, नाहीतर काहीच म्हणत नाहीत आणि चिडचिड करतात.

आता पिशवीबद्दल, कारण माझ्या अंदाजाने बाबांच्या गप्प बसण्यात तिचा वाटा मोठा आहे. जो माणूस आयुष्यभर दार बंद करून संडासला गेला त्याचं ते आता पोटावर, दिवसाढवळ्या, आणि बायको साफ करतेय. पाहुणे आले की झोपेचं सोंग का, तर आवाज होईल, वास येईल, गळेल ही भीती. यातलं बरंचसं दुरुस्त होतं. पिशवी त्वचेला नीट चिकटलेली असेल तर बाहेर वास येत नाही, येत असेल तर कुठेतरी गळतंय किंवा माप चुकलंय. आणि ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे स्टोमाचा, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाचा, आकार लहान होत जातो म्हणून सुरुवातीला कापलेलं भोक आता मोठं पडत असणार, त्यातून गळती आणि भोवतीची कातडी जळणं सुरू होतं. स्टोमा नर्सला दाखवून माप नव्याने घ्या. एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, वाट बघायची नाही. रात्री गळेल या धास्तीने ते झोपत नसतील तर झोपण्यापूर्वी रिकामी करणं आणि रात्री एकदा उठायचं ठरवून टाकणं, याने झोपेच्या गोळीपेक्षा जास्त फरक पडतो.

आणि ती आईने साफ करू नये. म्हणजे आजच्या आज हात काढून घ्या असं नाही म्हणत, पण ध्येय हे की बाबा स्वतः करतील. हात थरथरत असतील किंवा दिसत नसेल तर काही भाग दुसऱ्याने करावा, पण जे त्यांना जमतं ते त्यांचंच. आधी नुसतं बघायचं, मग क्लिप उघडणं-बंद करणं, मग रिकामी करणं, मग पूर्ण बदलणं. सुरुवातीला सांडेल, वेळ लागेल, तुमचा जीव वर-खाली होईल, तरी मध्ये पडू नका. कारण इथेच माझं मुख्य म्हणणं आहे जे तुमच्या भावालाही ऐकवा. ऑपरेशनच्या दिवसापासून बाबांच्या हातातून एकेक गोष्ट गेलीय. काय खायचं तुम्ही ठरवता, कधी झोपायचं, कोणी भेटायचं, डॉक्टरशी तुम्ही बोलता, बिलं भाऊ बघतो, फोन आला तर "ते आराम करतायत" हे तुम्हीच सांगता. सगळं प्रेमानेच, मला माहितीये. पण सहा आठवडे एखाद्या कर्त्या माणसाला प्रत्येक गोष्टीतून सुट्टी दिली की तो समजतो आपली गरज संपली, आणि मग "कशाला वाचवलंत" हा प्रश्न त्याच्या दृष्टीने अगदी रास्त असतो.

तर परत द्यायला सुरुवात करा, आणि खऱ्या गोष्टी द्या, खोटी कामं देऊ नका, ती लगेच ओळखू येतात. डॉक्टरकडे गेल्यावर बोलायचं त्यांनी, तुम्ही बाजूला बसून राहिलेलं जोडायचं. डॉक्टरने तुमच्याकडे बघून विचारलं तर तुम्ही बाबांकडे बघा, बहुतेक डॉक्टर समजतात. कोणाला कधी भेटायचं आणि किती वेळ हे बाबा सांगतील, आणि "आज नको" म्हणाले तर तो निर्णय म्हणून मान्य करा, लाड म्हणून नाही. घराचा जो व्यवहार ते बघायचे त्यातला एखादा परत त्यांच्याकडे जाऊ दे, चुकला तर चुकू दे. आणि प्रश्न विचारताना "अंघोळ करणार का?" असं विचारलं की उत्तर नाहीच येतं, "अंघोळ आत्ता की जेवणानंतर?" असं विचारलं की निदान काहीतरी निवडावं लागतं. जे आधी आवडायचं त्यातलं सगळ्यात छोटं काहीतरी रोज ठराविक वेळेला ठेवा, मूड येईल तेव्हा करू असं नाही, कारण डिप्रेशनमध्ये मूड आधी येत नाही, आधी करायचं असतं आणि मूड मागून रेंगाळत येतो. आम्ही उपचारातसुद्धा हेच करतो, फक्त जरा पद्धतशीर.

चालण्याबद्दल थोडंसं. कॅन्सरनंतरचा थकवा आराम करून जात नाही, उलट पडून राहिल्याने वाढतो, थोडं थोडं चालणं वाढवत नेणं हाच त्यावरचा सगळ्यात चांगला सिद्ध झालेला उपाय आहे. घरातल्या घरात दोन-तीन मिनिटांपासून सुरू केलं तरी चालेल. जड उचलणं मात्र सर्जन सांगेपर्यंत नको, स्टोमाच्या बाजूला हर्निया होऊ शकतो.

"पॉझिटिव्ह रहा" याचं काय करायचं ते सांगते, बंद करायचं. भावाचा हेतू चांगला आहे पण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ असा लागतो की तुझं दुःख आमच्यासमोर आणू नकोस. आणि त्यामागे एक धाक लपलेला असतो, नीट विचार केले नाहीत तर कॅन्सर परत येईल आणि ती तुझी चूक असेल. असं काही नाही. २००७ मध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ पेशंटचा अभ्यास आला होता, त्यात मनःस्थिती चांगली की वाईट याचा किती जगले याच्याशी संबंध सापडला नाही. कॅन्सर आणि मन या विषयाचा पाया ज्यांनी घातला त्या जिमी हॉलंड बाईंनीही पेशंटवर सकारात्मकतेची अशी सक्ती करण्याला कायम विरोध केला. डिप्रेशनवर उपचार करायचे ते माणूस सुखाने जगावा म्हणून, आणि औषधं-तपासण्या टाळू नये म्हणून, ट्युमर घाबरून पळेल म्हणून नाही. मग बोलायचं काय, तर कमी बोला. "आज कसं वाटतंय" ला उत्तर मिळत नसेल तर "आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला" असं विचारा. ते रडले तर रडू द्या, टिश्यू हातात कोंबू नका, विषय बदलू नका. गप्प बसले तर तुम्हीही शेजारी आपलं काहीतरी काम घेऊन बसा.

आजाराबद्दल त्यांच्यापासून काही लपवलंय का हे तुम्ही लिहिलं नाहीये, पण असेल तर ते थांबवा. वयस्कर माणसाला कॅन्सर हा शब्दच न सांगणारी घरं मी खूप बघते. तो बिचारा कुजबुज ऐकतो, दारं बंद होताना बघतो आणि खऱ्यापेक्षा वाईट काहीतरी धरून चालतो. बाबांचा तर रिपोर्ट चांगला आहे! तो त्यांना कोणी नीट, त्यांच्या भाषेत, त्यांचे प्रश्न संपेपर्यंत समजावून सांगितलाय का? बऱ्याचदा नाही, घरच्यांना सांगितलेलं असतं. किती जाणून घ्यायचंय ते त्यांनाच विचारा आणि तेवढं सांगा.

औषधांबद्दल. डिप्रेशनच्या गोळ्यांची सवय लागते असं लोकांना वाटतं आणि झोपेच्या गोळ्या बिनधास्त घेतात, खरं तर उलटं आहे. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम यांची सवय लागते आणि या वयात त्यांनी गोंधळ वाढतो, पडून हाड मोडतं. आधीपासून रोज चालू असेल तर मात्र एकदम बंद करू नका, डॉक्टरच्या सांगण्याने हळूहळू कमी करायची. डिप्रेशनची गोळी कमी डोसने सुरू करून हळू वाढवतात, परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे आणि या वयात कधी सहा-आठही लागतात, त्यामुळे दहा दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडू नका. बाबांच्या बाबतीत तीन गोष्टी डॉक्टरला आवर्जून सांगायच्या. एक, इलिओस्टॉमी आहे, कारण एसएसआरआय नावाच्या, डिप्रेशनसाठी नेहमी देतात त्या गटातल्या गोळ्यांनी वयस्करांमध्ये सोडियम उतरू शकतं आणि यांचं आधीच काठावर असू शकतं, म्हणून सुरू करण्याआधी आणि साधारण दोन आठवड्यांनी सोडियम तपासायचं. शिवाय हळूहळू विरघळणाऱ्या किंवा लेपवाल्या गोळ्या कधीकधी अख्ख्या पिशवीत येतात, साध्या गोळ्या मागून घ्या. दोन, रक्त पातळ करणारी गोळी किंवा अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. तीन, दुखण्यासाठी ट्रामाडॉल चालू असेल तर, ते आणि डिप्रेशनची गोळी एकत्र चालत नाहीत असं नाही पण जपून द्यावं लागतं. भूक आणि झोप दोन्ही गेली असतील तर आम्ही बऱ्याचदा मिर्टाझापिन ही डिप्रेशनची गोळी निवडतो. आणि गोळीसोबत कौन्सेलिंग हवंच, म्हातारी माणसं बोलण्याने बदलत नाहीत हा समज चुकीचा आहे, माझ्या अनुभवात ती तरुणांपेक्षा गृहपाठ जास्त प्रामाणिकपणे करतात. "सायकियाट्रिस्ट" ऐकून बाबा बिचकले तर सर्जनलाच सांगायला लावा की हा उपचाराचाच भाग आहे, त्यांच्या तोंडून आलेलं पटकन पटतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, ज्यांच्या घरी ऑपरेशन दुसरं आहे. थायरॉईड काढला असेल तर हार्मोनची मात्रा तपासल्याशिवाय उदासीला मनाचा आजार म्हणू नका. जठर पूर्ण काढलं असेल तर बी १२ चं इंजेक्शन चालू आहे ना बघा, ते कमी पडलं की मूड आणि स्मरणशक्ती दोन्हीवर परिणाम होतो. स्तनाच्या ऑपरेशननंतर सत्तरीच्या बाईला "आता या वयात काय फरक पडतो" असं कोणीही म्हणू नये, फरक पडतो, आणि कृत्रिम स्तनाची माहिती तिलाही द्यायची. तिला टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरची गोळी चालू असेल तर पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळ्या टाळतात कारण त्यांनी टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटू शकतो. प्रोस्टेटनंतर लघवी गळते म्हणून पुरुष घराबाहेर पडणंच बंद करतात, बहुतेकांना तीन ते बारा महिन्यांत बराच फरक पडतो आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम मदत करतात, लैंगिक अडचण मात्र जास्त टिकते आणि त्याबद्दल कोणीतरी विचारण्याची ते वाटच बघत असतात. स्वरयंत्र काढलेल्या माणसाशी बोलताना त्याचं लिहून होईपर्यंत थांबा, त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. तोंडाच्या ऑपरेशननंतर सगळ्यांसमोर जेवायची सक्ती नको, पण जेवणाच्या वेळी त्यांना खोलीत एकटं टाकूही नका.

आई. तिच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत पण मला तिचीही तेवढीच काळजी वाटते. सत्तरीची बाई सहा आठवडे रात्री उठतेय, स्वतःच्या बीपीच्या गोळ्या वेळेवर घेतेय का कोणी विचारलंय? पेशंट सुधारत असताना काळजी घेणारं माणूस कोसळणं हे आम्ही नेहमी बघतो. आठवड्यातल्या काही रात्री तुम्ही किंवा भावाने झोपायला असणं ठरवून टाका, "काही लागलं तर सांग" याचा उपयोग नाही, ती सांगणार नाही. तिलाही बाबांशिवाय, बाबांच्या आजाराशिवाय बोलायला कोणीतरी हवं. आणि तिच्यासमोर त्या रात्रीचा विषय काढा, नवऱ्याने ओळखलं नाही याचा घाव तिला बसलाय.

शेवटी पुढच्या दोन तारखांची तयारी. चेकअपच्या स्कॅनच्या आधीचे आठ-दहा दिवस बाबा पुन्हा गप्प होतील, चिडतील, जेवण कमी होईल, परत आजार उलटला की काय या भीतीने हे होतं आणि रिपोर्ट आला की ओसरतं, तेव्हा तारीख जवळची आणि रिपोर्ट शक्यतो लवकर मिळेल अशी मागून घ्या आणि त्या काळातल्या वागण्यावरून उपचार फसले असं ठरवू नका. दुसरी तारीख पिशवी बंद करायची. सगळं घर त्या दिवसाकडे डोळे लावून बसतं, पिशवी गेली की बाबा पहिल्यासारखे होतील म्हणून, आणि मग गुदाशयाचा भाग काढलेला असल्यामुळे संडासला वारंवार जावं लागतं, घाई होते, थांबवता येत नाही, एकदा जाऊन आलं तरी परत लागते. हे अनेकांना होतं, साधारण सहा महिने ते वर्षभरात बरंच बसतं, काहींना थोडं राहतं. त्यावर औषधं आहेत, व्यायाम आहेत, बाहेर जाताना पॅड वापरता येतं. पण आधी कोणी सांगितलेलं नसेल तर माणूस दुसऱ्यांदा खचतो आणि दुसऱ्यांदा जास्त खचतो. म्हणून बंद करायच्या ऑपरेशनआधीच्या भेटीत बाबांनी स्वतः सर्जनला विचारायचं की नंतर पहिले तीन महिने माझा दिवस कसा असेल, आणि उत्तर बाबांनीच लिहून घ्यायचं.